तिसरी सुई

१

सुई निवडायची आमच्या घरची एक पद्धत आहे. ती आधी सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल.

टर्नटेबलची सुई म्हणजे शिवणाची सुई नव्हे. अंगठ्याच्या नखाएवढी एक डबी असते, तिला कार्ट्रिज म्हणतात. तिच्या पोटाखालून हिऱ्याची एक बारीक कणी डोकावत असते. ती तबकडीच्या चरांतून फिरते आणि आवाज उचलते. "सुईनेच उचललं नाही, तर पुढच्या यंत्रांनी काय पदरचं घालायचं?" असं आमचे हे म्हणतात. हे म्हणजे माझा नवरा. घरात आम्ही त्या अख्ख्या डबीलाच सुई म्हणतो.

तर पद्धत अशी. बाहेरच्या खोलीत मी खुर्चीत बसायचं. समोर दोन स्पीकर, पाठीमागे टर्नटेबल. हे माझ्या मागे उभे राहून सुया बदलतात आणि कोणती लावली ते सांगत नाहीत. तबकडी तीच, बाजू तीच. मी फक्त ऐकायचं आणि कोणती बरी ते सांगायचं. वळून बघायची सोय नाही. ह्यांनी जन्मभर कारखान्यांतले वजनकाटे तपासले. डोळ्यांनी सुईची किंमत पाहिली की कान लाच खातात, असं त्यांचं मत.

पूर्वी ऐकायला हे बसत आणि बदलायला मी उभी असे. आता उलटं झालं, कारण ह्यांचे कान चाललेत.

कानाच्या डॉक्टरांनी कागदावर रेघ काढून दाखवली. वरचे सूर गेले, पुढे माणसांचं बोलणंही हळूहळू जाईल, म्हणाले. कानात घालायचं यंत्र दिलं. ते कपाटात पडलं आहे. त्यातून व्हायोलिन म्हणे पत्र्याच्या डब्यात वाजल्यासारखं येतं. "दार बंद व्हायच्या आधी एकदा चांगल्या सुईवर ऐकून घेतो," हे म्हणाले. मी हो म्हटलं. माझं म्हणाल तर मला व्हायोलिनचं फार काही नव्हतं. जे काही थोडं ऐकू येणं उरलं आहे, त्यात शेवटपर्यंत माझा आवाज असावा, एवढंच मला वाटत होतं. इतक्या वर्षांची बडबड आहे, ती एकदम कुठे नेऊन टाकायची?

२

दुकानदार आमच्या ओळखीचा. दुकान लहान, मागे ऐकायची एक खोली, भिंतींना जाड कापड.

"या वहिनी," तो म्हणाला. "बरं झालं आलात. साहेबांना घरी घेऊन जा. माझ्या खुर्चीचं बूड झिजवलं ह्यांनी."

"तुझ्या सुया चांगल्या असत्या तर एका फेरीत उठलो असतो," हे म्हणाले. पण त्यांना त्याचं बोलणं ऐकू आलं नव्हतं, ओठांवरून अंदाजाने उत्तर दिलं होतं. दुकानदाराच्या ते लक्षात आलं. तो जरा मोठ्याने बोलायला लागला आणि मला उगीच लाजल्यासारखं झालं.

त्याने तीन सुया घरी नेऊन ऐकायला दिल्या. पहिली झणझणीत, म्हणाला, सगळं धुऊन काढल्यासारखं दाखवते. दुसरी मऊ, म्हाताऱ्या माणसांना आवडते. ह्यावर मी त्याच्याकडे रोखून पाहिलं, तसा म्हणाला, "म्हणजे समजूतदार माणसांना."

"आणि ही तिसरी?"

"ही फार काही करत नाही हो," तो डबी हातात फिरवत म्हणाला. "लोक नेतात आणि परत आणतात. वाईट आहे असंही कोणी सांगत नाही. तुम्ही ऐका, तुमचे कान चांगले आहेत."

माझे कान चांगले आहेत हे खरं. मी मोठ्या इस्पितळाच्या टेलिफोनवर बसते. दिवसभर नुसते आवाज. कोण रडून आलंय, कोण खोटं बोलतंय, कोण फोन हातात धरून दुसऱ्याच माणसाकडे बघतंय, सगळं कळतं.

३

आम्ही दुपारी ऐकायला बसलो. एकट्या व्हायोलिनची तबकडी होती. तिच्या वेष्टनावर रिकाम्या सभागृहात उभा असलेला एक टक्कल पडलेला वादक आहे. ह्यांना ती तोंडपाठ आहे, मलाही नाइलाजाने झाली आहे.

पहिल्या सुईवर व्हायोलिन अगदी नाकासमोर आलं. दुसऱ्या सुईवर ते शेजारच्या खोलीत गेलं, पण छान वाटलं. मग मागे ह्यांची खुडबुड झाली, सुई टेकल्याचा बारीक टप असा आवाज आला आणि तिसरी सुरू झाली.

व्हायोलिन ठीकच होतं. पण पहिली गत संपली, दुसरी सुरू व्हायची होती, त्या मधल्या मोकळ्या जागेत मी सावरून बसले. आधीच्या दोन सुयांवर तिथे नुसती खरखर होती. ह्या सुईवर खरखर नव्हती. शांतता होती, आणि ती चांगली खोल होती. पोकळ नव्हे. कशी सांगू, तिला आतून अस्तर असल्यासारखं वाटत होतं.

"ही," मी म्हणाले.

"कशावरून?"

"मधली शांतता चांगली आहे."

हे इतके खूश झाले की पुढे येऊन त्यांनी माझे दोन्ही हात धरले. "लोक वाजण्यासाठी सुई घेतात, ही बाई न वाजण्यासाठी घेते! पण बरोबर आहे. शांत सुईच खरी. कुठे मिळाला असता मला असा काटा?"

काटा म्हणजे मी. ह्यांच्या तोंडी ती मोठीच तारीफ.

अशा रीतीने तिसरी सुई मीच निवडली.

४

काही दिवस बरे गेले. हे सकाळ-दुपार ऐकत बसत आणि मी ड्यूटी आणि घर करत होते.

एकदा मी खिडकीशी कपड्यांना इस्त्री करत होते. तबकडीची पहिली गत संपली आणि हे म्हणाले, "ऐकलंस?"

"काय?"

"कोणीतरी कप ठेवला."

मी इस्त्री उभी केली. "कुठे? स्वयंपाकघरात कोणी नाही."

"इथे नाही गं. तबकडीत. ते वाजवत होते तेव्हा तिथे कोणीतरी कप खाली ठेवला असणार. इतक्या वर्षांत मला ऐकू आलं नव्हतं. काय सुई आहे!"

त्यांनी तेवढीच जागा पुन्हा लावली. मी स्पीकरच्या जाळीला कान लावला. मला काहीही ऐकू आलं नाही.

मी हसून सोडून दिलं. पण इस्त्री करता करता डोक्यात एक गोष्ट घोळायला लागली. सकाळी दूधवाल्याने बेल दाबून दाबून बोट दुखवलं होतं आणि हे दारापासून चार पावलांवर बसून होते. ज्या माणसाला बेल ऐकू येत नाही, त्याला कप ठेवल्याचा आवाज आला. आणि मला आला नाही.

मी डॉक्टरांना फोन करून विचारलं. ते म्हणाले, होतं असं. कान रिकामे झाले की मेंदू आपल्या मनचं भरतो. कोणाला घंटा ऐकू येतात, कोणाला गर्दी. घाबरू नका. मला ते पटलं. पटण्यासारखंच होतं.

पुढे ह्यांना कपाबरोबर खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग पावलं. एकदा हे म्हणाले, "आज उठलीच नाही ती. बसून आहे."

"ती?"

"बाई आहे ना."

"बाई कशावरून?"

"चालण्यावरून कळतं. हलकी चालते, पण एका पायावर जरा जास्त भार देते." वजनकाट्यांच्या माणसाचं हे बोलणं. मी म्हटलं, टक्कलवाल्याची बायको असेल. ह्यांना ते आवडलं, बराच वेळ हसले.

मग मी कपाटातून वेगळीच तबकडी काढली. दुसरं वाद्य, दुसरा देश, दुसरं वर्ष. म्हटलं, हिच्यात तर ती नसेल. पहिली गत संपेपर्यंत मी ह्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. मधली शांतता आली. ह्यांनी मान किंचित कलती केली, ओळखीचं माणूस खोलीत आल्यावर आपण करतो तशी.



५

इस्पितळाच्या टेलिफोनवर कधी कधी मुके फोन येतात. पलीकडून कोणी बोलतच नाही. नवीन मुली दोनदा हॅलो म्हणतात आणि ठेवून देतात. मी ठेवत नाही, कारण मेलेली लाइन आणि उघडी लाइन ह्यांत फरक असतो. मेलेली लाइन पोकळ येते. उघड्या लाइनीवर माणूस श्वाससुद्धा धरून बसलं असलं तरी शांतता भरलेली येते. मग मी म्हणते, "सावकाश बोला, मी आहे." बहुतेक वेळा पलीकडून रडू फुटतं.

त्या दिवशी असाच एक फोन आला. मी नेहमीसारखं "सावकाश बोला" म्हणायला तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. ही शांतता मी ओळखत होते. कामावरची ओळख नव्हे. ही मी घरी, खुर्चीत बसून ऐकली होती आणि तिला चांगली म्हटलं होतं.

माझ्या कानांनी मला बरोबर तेच सांगितलं होतं जे ते रोज सांगतात, की लाइनीवर कोणीतरी आहे. मी त्याला सुईचा गुण समजले.

मी ड्यूटी पुरी केली. दुसरं काय करणार? जागेवर बदली माणूस आल्याशिवाय उठता येत नाही.

घरी आले तेव्हा खोलीत ऊन होतं. हे खुर्चीत पाठमोरे बसले होते. तबकडी केव्हाच संपली होती आणि सुई शेवटच्या मोकळ्या चरात गोल गोल फिरत होती. दर फेरीला बारीक टक्. हे बोलत होते. फोनवर बोलतो तसं, मधे थांबून.

"नाही, एकच. मुलगी. ती लांब असते." थांबले. "हो, ही काम करते अजून. ऊन उतरायच्या आधी येते." पुन्हा थांबले. मग हसले. "माझ्याहून लहान आहे, पण कबूल करत नाही."

"अहो," मी म्हणाले.

ऐकू आलं नाही. मी मोठ्याने हाक मारली. शेवटी खांद्यावर हात ठेवला तेव्हा दचकले.

"कधी आलीस? आवाज नाही आला."

"कोणाशी बोलत होतात?"

ते माझ्या ओठांकडे बघत राहिले. मी पुन्हा विचारलं, शब्द तोडून तोडून. "बोलत होतो?" ते म्हणाले. खोटं बोलत नव्हते. खोटं मला ओळखता येतं.

मी सुई उचलून तिचा दांडा, म्हणजे आर्म, जागेवर ठेवला. खोली शांत झाली. ह्यांनी मात्र हात जरासा वर केला, "एक मिनिट हं" म्हणतात तसा. मला नव्हे, समोर.

६

मुलगी आली. तिला मी फोनवर एवढंच सांगितलं होतं की बाबांचं ऐकणं फार कमी झालंय. ती दारातूनच ओरडली, "बाबा! ओ बाबा! मी काय आता ढोल घेऊन येऊ?"

हे समोर बघत बसले होते. तिने मागून गळ्यात हात टाकले तेव्हा कुठे वळले आणि फार आनंदले. पण बोलणं होईना. ती सांगे, हे भलतंच उत्तर देत. ती हसत हसत माझ्यामागे स्वयंपाकघरात आली आणि ओट्याशी रडायला लागली.

"आई, ती सुई परत कर. त्या खुर्चीतून ते उठतच नाहीत."

"करते."

"आणि ते पुटपुटतात काय सारखं?"

"डॉक्टर म्हणाले, होतं तसं," मी म्हणाले. मला तेवढंच सांगता आलं.

ती ह्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेली तेव्हा मी सुई आर्मवरून काढली, डबीत घातली आणि दुकानात नेली. दुकानदाराने आतल्या खोलीत ती लावली आणि हेडफोन डोक्यावर चढवले. मी त्याच्या तोंडाकडे बघत उभी राहिले.

"काय झालं वहिनी हिला? शांत आहे. छान शांत आहे," तो म्हणाला. मग बोलायचा थांबला. पहिल्या गतीनंतरची जागा आली असावी. त्याने सुई उचलली, जरा घाईनेच, हेडफोन काढले आणि माझ्या खांद्यावरून दाराकडे पाहिलं.

"तुम्ही एकट्याच आलात ना?"

"हो. का?"

"काही नाही. राहू दे ही इथे." त्यानंतर त्याने चहाचंही विचारलं नाही, आणि त्या दुकानातून चहा घेतल्याशिवाय आम्हाला कधी कोणी सोडलेलं नाही.

येताना हलकं वाटत होतं. चला, गेली ती.

घरी डॉक्टरांचा नवा कागद आला होता. रेघ आणखी खाली गेली होती. आता साधं बोलणं जवळपास येणारच नाही, असं त्यांनी मुलीला सांगितलं होतं. ह्यांनी मुलीच्या समाधानासाठी दोन दिवस कानातलं यंत्र घातलं. सगळं घर अंगावर धावून येतं म्हणाले आणि काढून ठेवलं. मुलगी आपल्या घरी परत गेली.

सुई गेली त्याबद्दल हे काहीच बोलले नाहीत. मी जुनी सुई लावून दिली, तिला त्यांनी हात लावला नाही. टर्नटेबल झाकलेलं, स्पीकर बंद, आणि हे रोज सकाळी आंघोळ करून त्याच खुर्चीत बसायचे. मान किंचित कलती. मधेच हसायचे. मधेच, "खरं सांगतेस?"

पूर्वी मी काही सांगितलं की हे मला असंच म्हणत.

७

मी घरात हाका मारणं सोडलं. आम्ही खुणा करायचो. जेवण, औषध, आंघोळीचं पाणी, सगळ्याला खुणा होत्या. पण खुणांमध्ये गप्पा मारता येत नाहीत. आज अमका डॉक्टर कसा चिडला, नव्या मुलीने चुकून शवागाराचा फोन बाळंतिणींच्या वॉर्डात कसा जोडला, हे खुणांनी कसं सांगणार? मी सांगायची थांबले. पंधरा-वीस वाक्यं रोज पोटात तशीच राहायची.

असं बघता बघता एक दिवस माझ्या लक्षात आलं. हे उगीच कुठेतरी बघत नसत. ते एकाच जागी बघत. दोन स्पीकरांच्या बरोबर मधे, उभ्या माणसाचं तोंड असेल तेवढ्या उंचीवर. लग्नानंतर ह्यांनीच मला शिकवलं होतं की स्पीकर नीट मांडले की आवाज ह्या पेटीतून येत नाही आणि त्या पेटीतूनही येत नाही, मधल्या हवेतून येतो. तिथे काही नसतं, पण वाजवणारा तिथे उभा असतो.

ह्यांना तिथलं ऐकू येतं, मी मनाशी म्हटलं. मग मी तिथे का नाही?

वेडेपणाच होता. पण दुपारची वेळ, लख्ख उजेड, खाली रस्त्यावर कोणीतरी गाडी पुसत होतं. मी पदर खोचला आणि दोन स्पीकरांच्या मधे जाऊन ह्यांच्याकडे तोंड करून उभी राहिले. नेहमीच्या आवाजात, अजिबात न ओरडता म्हणाले, "अहो, ऐकू येतंय का?"

ह्यांचा चेहरा उजळला.

"येतंय की!" ते म्हणाले. "अगं, किती दिवसांनी! बोल ना."

मला रडू आलं आणि हसूही. मी सगळं ओतलं. चिडलेला डॉक्टर, शवागाराचा फोन, मुलीच्या घरचा नवा पंखा. हे जिथल्या तिथे हसत होते, मधेच विचारत होते, "मग त्या बाळंतिणी काय म्हणाल्या?" एकही शब्द चुकत नव्हता. मी जिंकले असं वाटलं.

मग ते थोडं पुढे झुकले आणि अगदी हळू, दुसऱ्याला अवघडल्यासारखं होऊ नये अशा बेताने म्हणाले, "आता जरा बाजूला सरकतेस का? तिच्या अंगावर उभी आहेस."

मी सरकले नाही. सरकले की ह्यांना माझं ऐकू येणं बंद होणार, एवढं मला कळत होतं.

त्यांच्या चष्म्याच्या दोन्ही काचांत खिडकी दिसत होती आणि खिडकीपुढे मी. उजेड मागून असल्यामुळे नुसता काळा आकार. तो एका माणसाला हवा त्यापेक्षा रुंद होता, आणि एका पायावर जास्त भार देऊन उभा होता. मी दोन्ही पायांवर सारखी उभी होते. काच गोलाकार असते, तिच्यात कोणीही वेडंवाकडं दिसतं, मी स्वतःला सांगितलं.

"ऐकलंस ना?" हे म्हणाले. "तिलाही काही सांगायचंय."

माझ्या मानेमागची शांतता भरलेली होती. लाइन उघडी होती. आणि मग तिथे, माझ्या कानाच्या अगदी पाळीशी, एक श्वास आत घेतला गेला. तो श्वास मी रोज ऐकते. रडण्याआधीचा वेगळा, जांभईचा वेगळा. हा बोलायला सुरुवात करण्याआधी माणूस घेतो तो होता.

एका लाइनीवर दोघी एकदम बोलू शकत नाहीत. जिचं चालू आहे तिचंच ऐकू येतं.

"तर त्या बाळंतिणी म्हणाल्या," मी सुरू केलं. त्यांचं संपल्यावर नव्या मुलीचं सांगितलं, मग तिच्या आईचं, मग ज्या गोष्टी ह्यांना शंभरदा सांगून झाल्या होत्या त्या पुन्हा. ऊन उतरत आलं होतं आणि पाय बधिर झाले होते. हे मान डोलवत ऐकत होते, मधून मधून माझ्या मागे पाहून "थांब हं, तिचं होऊ दे" अशी खूण करत होते. तो श्वास आत घेतलेला होता, तसाच धरून ठेवलेला. मी वाक्य संपू देत नव्हते.